चौकटींचा कागद

प्रिय बारके,

शिवणाचा तास आठवतो तुला? पाचवी आणि सातवी एकत्र बसायची, त्या लांबलचक थंड हॉलमध्ये, आणि सिस्टर प्रत्येकीला जाळीच्या कापडाचा तुकडा द्यायच्या. चौकटी मोजायच्या आणि फुल्या घालायच्या. तुझं कापड उलटं धरलं तरी सुलट वाटायचं. माझी ओळ चौथ्या फुलीलाच जिना चढायला लागायची. तपासणीच्या दिवशी सिस्टर दोन बाकांच्या अंतरावर आल्या तेव्हा मी हळूच आपले तुकडे बदलले. तू ते बघितलंस. तरी हात पुढे केलास, पट्ट्या खाल्ल्यास, आणि जागेवर बसताना एवढंच म्हणालीस की ताई, तुझ्या फ्रॉकवर दोरा पडलाय. तो तुकडा अजून बाहेरच्या खोलीत काचेखाली आहे. फुल्या तुझ्या, खाली नाव माझं. येणाऱ्याजाणाऱ्याला तूच कौतुकाने दाखवत आलीस, ताईचा हात बघा म्हणून.

तुला सुईची भीती नव्हती. चाळीस वर्षं रफू करून जगलीस, कुणाच्या कोटाला कुठे भोक होतं हे कोटाच्या मालकालाही सापडू नये असं काम. पण सुई तुझ्या हातात हवी. दुसऱ्याच्या हातातली दिसली की तू पांढरीफटक. शाळेत टोचायला आले तेव्हा माझ्या पाठीमागे लपलीस आणि माझा पट्टा इतका घट्ट धरलास की बक्कल तुटलं. तेव्हा मी तुला शब्द दिला होता, माझ्या डोळ्यांदेखत तुला कुणी टोचणार नाही. तो शब्द मी पाळला, बारके. कसा पाळला ते आज सांगते.

तीन वर्षांपूर्वी रफूचा धागा तुला मधोमध पुसल्यासारखा दिसायला लागला आणि आपण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. बाहुली मोठी करायचे थेंब घालून तू बाहेरच्या बाकावर डोळे मिटून बसली होतीस, आणि डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. त्यांनी सगळं नीट समजावलं. वयाबरोबर पडद्याचा मधला भाग झिजतो. तुझा आजार अजून कोरडा आहे, त्याला सुई लागत नाही. रोजच्या गोळ्या, पालेभाज्या, उन्हात काळा चष्मा, वाचायला भिंग आणि चांगला दिवा. हवं तर प्रकाशाचे उपचारही घ्या. यंत्रासमोर हनुवटी टेकवून काही मिनिटं बसायचं, दुखत नाही, काहींना थोडा उपयोग होतो. मग त्यांनी चौकटींचा एक कागद दिला, मधे काळा ठिपका. रोज सकाळी त्या ठिपक्याकडे बघायचं. एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं, कारण दोन्ही डोळे उघडे असले की धड डोळा आजारी डोळ्याची चूक सांभाळून घेतो आणि माणसाला काही कळतच नाही. रेघा वाकड्या दिसल्या तर त्याच दिवशी या, म्हणाले. तेव्हा मात्र डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागतं, आणि तिथे एकेक आठवडा मोलाचा.

बाहेर येऊन मी तुला गोळ्या सांगितल्या, पालक सांगितला, प्रकाश सांगितला. कागद फ्रिजवर चिकटवला. आणि म्हटलं, रोज चहा झाला की ह्याच्याकडे बघायचं, दोन्ही डोळ्यांनी, निवांत.

विसरले असं म्हणू शकले असते. पहिल्या दिवशी कदाचित विसरलेही असेन. पण त्याच आठवड्यात त्या घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजीने तुला लग्नाचं विचारलं होतं. साठीला आलेली माझी बहीण, आणि हा बाशिंग बांधायला निघालेला म्हातारा! कान गेलेले, गुडघे गेलेले, खिशात सदान्कदा दुसऱ्याचं बंद पडलेलं घड्याळ. तू लाजून हसलीस आणि म्हणालीस, ताई, तो म्हणतो दुकानावरची खोली रिकामीच आहे. तुझं ते हसणं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. नवरा गेल्यावर मी तुझ्या दाराशी आले होते तेव्हा तू काहीही न विचारता माझी बॅग आत घेतलीस, आणि तेव्हापासून सकाळी दोन कप मांडले गेले. रिकाम्या खोल्या मला नको होत्या. तुला दिसेनासं झालं तर तू अनोळखी जिना चढायला जाणार नाहीस, एवढं मला कळत होतं.

रोज सकाळी तू फ्रिजसमोर उभी राहायचीस आणि म्हणायचीस, सरळ आहेत गं. मी म्हणायचे, शहाणी माझी. मग एके दिवशी तू पापणीत काही गेलं म्हणून उजवा डोळा चोळत होतीस आणि म्हणालीस, ताई, ह्या रेघा पाण्यात पडल्यासारख्या का दिसतायत? मी कागद हातात घेतला आणि म्हटलं, वाफेने कागद फुगलाय. दुसऱ्या दिवशी नवा लावला. तू दोन्ही डोळ्यांनी बघितलंस आणि तुझं समाधान झालं.

त्यानंतर मी तुझे जितके लाड केले तितके कधीच केले नसतील. पालक निवडला, गोळ्या मोजून हातावर ठेवल्या, आठवड्यातून दोनदा प्रकाशाला नेलं. तिथल्या बाईंनी विचारलं, घरी रेघा बघता ना? तू म्हणालीस, रोज, ताई चुकू देत नाही. डॉक्टरांची तारीख मी दोनदा पुढे ढकलली. तू यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसायचीस, माझा हात धरून, आणि तेवढ्या वेळात तुझ्या डाव्या डोळ्यात रक्त झिरपत होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असावं. शेवटी डॉक्टरांनी बघितलं तेव्हा डाव्या डोळ्याच्या मधोमध व्रण धरला होता. आता सुई देऊन उपयोग नाही, म्हणाले. आणि तू, वेडे, सुटकेचा श्वास टाकलास. रिक्षात माझ्या खांद्यावर मान टाकून म्हणालीस, "ताई, तू होतीस म्हणून कुणी टोचलं नाही."

घड्याळजीच्या पत्रांचंही सांगायला हवं. फोनवर त्याला ऐकू येत नाही, म्हणून तो लिहायचा, आणि हाताने लिहिलेलं तुला भिंगातूनही लागेना, म्हणून मी वाचायचे. तेरा पत्रं आली. तुला ऐकवली ती सगळी सारखीच होती: प्रकृतीला जप, इकडे ठीक, दुकानात गर्दी. त्याने लिहिलं होतं की नजर गेली तरी ये. जिन्याच्या प्रत्येक पायरीला त्याने पिवळी पट्टी मारली, कठडा बसवून घेतला, खिडकीशी खुर्ची ठेवली. सातव्या पत्रात विचारलं होतं की तू कागद एकेका डोळ्याने बघतेस ना. तो माणूस आयुष्यभर एकाच डोळ्याला भिंग लावून बसला, त्याला हे न सांगता कळलं. ते पत्र वाचताना मी तुला सांगितलं की त्याला सर्दी झाली आहे. तुझी उत्तरंही मीच लिहिली. त्याच्या शेवटच्या पत्रात एकच ओळ होती, की खुर्ची काढलेली नाही. त्यावर तू विचारलंस, "माझ्याबद्दल काही?" मी म्हटलं, नाही गं.

आता हे का लिहिते ते सांगते. गेल्या महिन्यात मी देवळातल्या कीर्तनाला म्हणून गेले ती डॉक्टरांकडे गेले होते. सकाळी तू अंघोळीला गेलीस की मी रोज त्या कागदासमोर उभी राहायचे, एक डोळा झाकून, मग दुसरा. तीन वर्षांत एक दिवस चुकवला नाही. त्या दिवशी माझ्या उजव्या डोळ्याला रेघ वाकडी दिसली. तासाभरात मी दवाखान्यात होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुई घेतली. बारके, मुंगी चावल्याइतकंही दुखत नाही. थेंबांनी डोळा बधिर करतात, छताकडे बघायला सांगतात, दहा आकडे मोजायच्या आत संपतं. रेघा पुन्हा सरळ झाल्या आहेत. हे पत्र मी चष्मा लावून, ओळ न चुकता लिहिलं आहे. घरी आले तेव्हा तू माझा डोळा लाल दिसतो म्हणून कापसाने शेकायला बसलीस.

चार दिवस शाळेच्या मेळाव्याला जाते असं तुला सांगितलंय. मेळावा नाही. दवाखान्याजवळ एक खोली घेतली आहे, मला दर महिन्याला सुई घ्यायची आहे. हे पत्र मी घड्याळजीच्या पत्त्यावर टाकलं. सोमवारी सकाळी येऊन त्याने ते तुला वाचून दाखवावं, एक शब्द न गाळता, कान आणि गुडघ्यांचंही. गाळून वाचायला तो माझ्यासारखा शिकलेला नाही. बिस्किटांच्या डब्यातली तेरा पत्रं त्याला द्यावीत, म्हणजे तो पुन्हा पहिल्यापासून वाचील. भिंगाचा दिवा तुझ्या नव्या खिडकीशी न्यावा. गोळ्यांची बाटली चालू ठेवावी, त्या खोट्या नव्हत्या. प्रकाशाच्या बाईंना माझा निरोप नको. दोन कपांपैकी कान तुटलेला मी आणला आहे, दुसरा तुझा. काचेखालचा तुकडा भिंतीवरून काढून नाव उसवून टाक. तुझ्या हाताला ते न बघता जमेल. डॉक्टरांची वेळ सोमवारी अकराची घेतली आहे, उजव्या डोळ्यासाठी. निघण्याआधी फ्रिजपाशी जा, डावा डोळा तळहाताने झाक, आणि रेघा कशा दिसतात ते त्याला सांग. मला कळवू नकोस.

पट्ट्या तुला खायला लावणारी, तरी तुझीच,

ताई