न छाटलेले पांगारे

दि. ९ मार्च, सकाळ

चिरंजीव धाकट्यास,

अक्काचे अनेक आशीर्वाद. तुझे पत्र पोहोचले. माझी प्रकृती वयाला शोभेशी आहे. तुझा गुडघा कसा आहे, ते मात्र तू लिहिले नाहीस.

बागेची हकीकत तुला तुझ्या मुलाने सांगितलीच असेल. मिरीचे वेल मुळाशी कुजले; पावसाळा सरेपर्यंत एकही उरला नाही. वेलच नाहीत, म्हणून त्यांना आधार देणारे पांगारे यंदा कुणी छाटले नाहीत. एरवी वेलांना ऊन मिळावे म्हणून दरवर्षी आपण त्यांच्या फांद्या उतरवत आलो. यंदा ते प्रथमच फुलले. अंगावर पान नाही आणि सारी बाग लाल. विहिरीजवळचा एक तर पांढरा निघाला. इतकी वर्षे आपल्यापैकी कुणालाही ते ठाऊक नव्हते.

छाटणीवाला सहज चक्कर टाकायला आला होता. म्हणाला, "अक्का, झाडांना जन्मात पहिल्यांदा सुट्टी मिळाली, तर बघा कशी नटून बसलीत." मी हसले. मग आत जाऊन पोथी उघडली.

पोथीने ह्या झाडाला स्वर्गातल्या वृक्षांत स्थान दिले आहे. तेथे त्याच्या अंगावर वेल चढवत नसावेत.

बाबांनी ह्या पांगाऱ्यांच्या फांद्या रोवल्या, त्याच वर्षी माझे ठरलेले लग्न पुढे ढकलले. बाग मार्गी लागेपर्यंत, असे बोलणे झाले होते. पुढे बाबा गेले. तू शाळेत होतास. हे गाऱ्हाणे नव्हे. तू शिकलास ह्याचा मला अभिमान होता आणि आहे.

पोथी रोज उघडते. शब्द मुखोद्गत आहेत, म्हणून ओठ चालतात. पलीकडे कुणी ऐकत असेल, ही खात्री मात्र उरलेली नाही. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

परवा तुझा मुलगा खरेदीदाराला घेऊन आला. त्यांना जमीन मोकळी हवी आहे. झाडे सोमवारी पडतील. मला म्हणाला, "आत्या, त्या वृद्धाश्रमात सगळ्या तुमच्याच वयाच्या. गप्पांना तोटा नाही." मुलगा वाईट नाही. माझी ट्रंक त्याने स्वतः उचलून पाहिली आणि हलकी आहे म्हणाला.

तू लिहितोस, "अक्का, तुला तिथे आवडेल ना? नको असेल तर तसे कळव, मी व्यवहार थांबवतो." तुझ्या मनात खोट नाही, हे मी जाणते. पण मला काय आवडेल, हे ह्या घरात आजवर कुणी विचारले नव्हते. तू विचारलेस, आणि दोन दिवस मी कोरा कागद पुढ्यात घेऊन बसले. शोधूनही काही सापडले नाही. तेव्हा, 'चालेल' एवढेच लिहिते.

उत्तर पाठवू नकोस. सोमवारनंतर ह्या पत्त्यावर ते उघडणारे कुणी नसेल.

तुझी,
अक्का