न पाहिलेली वीस मिनिटं

३ मार्च

चाळीस वर्षांपूर्वीचा तो चित्रपट साफसूफ करून पुन्हा लावलाय. संपादकीणबाई म्हणाल्या, "सर, त्यातल्या अभिनयावर तुमच्याशिवाय कोण लिहिणार?" शुक्रवारी मजकूर हवा.

त्यात नणंदेचं काम माझ्या धाकट्या बहिणीचं. तिचा पहिला चित्रपट. शेवटचाही.

४ मार्च

दुपारचा खेळ पाहिला. शेवटची वीस मिनिटं — आयुष्यात पहिल्यांदा!

तेव्हा परीक्षण साडेआठला छपाईला जायचं. शेवट सोडून उठायचो आणि पुढचं जाहिरातीच्या पत्रकातल्या कथासारावरून उतरवायचो. त्यात एवढंच होतं : 'नणंद घर सोडते.'

घर सोडते म्हणजे काय, ते आज कळलं. नायिका हमसून रडतेय, कॅमेरा तिच्यावर. कोपऱ्यात ही चपला घालतेय. पट्टा लागत नाही. एकदा, दोनदा. मग स्वतःशीच हसते. भाऊ पाठमोरा. "येते हं," म्हणते — दूध आणायला निघाल्यासारखी! दारात जरा थांबते, कोणी हाक मारतंय का बघायला. कोणी मारत नाही. डोळ्यांत टिपूस नाही. माझ्या शेजारचा गृहस्थ मात्र रुमालात तोंड खुपसून बसलेला.

दिवे लागले तरी मला उठवेना.

५ मार्च

जुनं कात्रण शोधलं. 'नणंद झालेली नवोदित अभिनेत्री शेवटपर्यंत कोरडी राहते.' बहिणीची तळी उचलली असं कुणी म्हणू नये म्हणून हात मुद्दाम कडक ठेवला होता. शेवट न बघता!

त्यानंतर तिला कुणी बोलावलं नाही. तीस वर्षं शिवणाच्या वर्गात मुलींना काजं करायला शिकवलं. मला एका शब्दाने बोलली नाही. मला वाटायचं, हौस फिटली असेल.

६ मार्च

लेख झाला. पहिल्याच परिच्छेदात कबुली. छापायला देण्याआधी तिला वाचून दाखवायचा.

७ मार्च

वाचून दाखवला. तिने शिवण खाली ठेवलं नाही.

"माहितीये, दादा. तेव्हा तू मधेच उठून गेलास, तुझ्या मागच्याच रांगेत होते मी."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"कुणाला सांगू? तुझ्या संपादकांना? नोकरी गेली असती तुझी. घरात तोच एक पगार होता. तो पहिला परिच्छेद काढून टाक बघू."