वाघतोंडी कफलिंक

१८ मार्च

वाघाचं तोंड! खरंच. दोन मनगटांवर दोन वाघ, डोळ्यांत लाल खडे. हे आज ते लावून दुकानात गेले. नंदनवन भागातलं टाइल्सचं दुकान ते, राजदरबार नाही. बाहेर एकोणचाळीस डिग्री, आणि आमचा माणूस जाड दुहेरी कफांचा शर्ट घालून गिऱ्हाइकाला कमोडचे भाव सांगणार. बघूनच शिसारी आली.

गुंडी तुटली तर सेफ्टी पिन लावून महिना काढणारा माणूस हा! आता छप्पन्नाव्या वर्षी शिंपी गणपतरावांकडून पाच शर्ट शिवून आणलेत. विचारलं हे काय, तर म्हणाले, "उत्तराचं पाहून राहिलो ना आपण. सासरा शोभाले नको का मी?"

सासरा! उत्तराला, आमच्या पोरीला, अजून मुलगा पसंत पडायचा आहे.

२३ मार्च

आणखी एक जोडी. ही जुनी, रविवारच्या बाजारातली. चांदीच्या दोन-दोन चकत्या, मध्ये बारीक साखळी, वर निळा मिना. असं काम आता होत नाही म्हणे. नसेल होत. पण खाचांमध्ये काळा मळ गच्च बसलेला. कोण्या मेलेल्या साहेबाचा घाम असेल तो! टूथपिकने कोरून वर्तमानपत्रावर काढला. वासही आला. हात तीनदा धुतले, तरी पोळी लाटवेना.

हे मात्र खिडकीशी नेऊन कितीतरी वेळ बघत बसले. मग डबीत ठेवून दिली. म्हणाले, साखळीनं कफ ढिला राहतो, वर सरकतो. नव्या वाघाची दांडी घट्ट बसते. मग घेतली कशाला ही?

२५ मार्च

कफलिंक कसे लावतात ते आज कळलं. दाताने! खोलीचं दार लावून घेतात. पंधरा-पंधरा मिनिटं आत. फटीतून पाहिलं तर कफ दातांत धरलेला आणि दुसऱ्या हाताने दांडी ढकलणं चाललेलं. लाळ कापडावर. तोच कफ संध्याकाळी मी घासते. शी!

दारावर थाप मारून म्हटलं, उघडा, मी लावून देते. आतून म्हणे, जमलं. एकोणतीस वर्षं माझ्या हातचं जेवतात, आणि कफाला माझा हात चालत नाही.

३० मार्च, पाडवा

यमुताई आल्या होत्या. ह्यांची मोठी बहीण. कन्हानचं स्थळ आणलंय त्यांनी. मुलगा ऋषिकेश, नोकरी इथेच नागपुरात. उत्तरा त्याच्याशी दोनदा फोनवर बोलली आणि चक्क हसत होती. मंडळी सत्तावीस एप्रिलला येणार. हे जमायलाच हवं.

श्रीखंड खाता खाता यमुताईंनी टोमणा मारलाच. "खाप्याचं सोन्यासारखं स्थळ तू हातानं घालवलं वं."

घालवलंच. पुन्हा घालवीन. फेब्रुवारीत आम्ही तिघं खाप्याला गेलो होतो. मुलाच्या आईच्या मानेवर, दोन्ही हातांवर कोड. त्या हातांनी तिने पोह्यांची बशी दिली. घास गिळवेना मला. कोड लागत नाही, डॉक्टर सांगतात, उत्तरा सांगते, सगळं ठाऊक आहे. किळस काही डॉक्टरांना विचारून येत नाही. परतताना गाडीत मी स्पष्ट बोलले, असल्या माणसाशेजारी मी एक रात्र झोपू शकणार नाही, मग पोर काय म्हणून देऊ? उत्तरा भांडली. हे गाडी चालवत होते.

४ एप्रिल

बेचाळीस डिग्री. हे आता बाहेरच्या खोलीत कुलरसमोर झोपतात — पूर्ण बाह्यांचा कुडता घालून! सकाळी त्या गादीला असा वास मारतो की चादर चिमटीत धरून उचलते.

९ एप्रिल

बाजारात गणपतराव शिंपी भेटले. हसत होते. ह्यांनी बाह्या दोन बोटं लांब ठेवायला लावल्या म्हणे. तळहातावर येतील, बेकार दिसेल, असं त्यांनी सांगून पाहिलं. ऐकलं नाही.

लाज वाटली. शिंपी हसतो आपल्या नवऱ्याला.

१६ एप्रिल

एक गोष्ट आठ दिवसांपासून बघतेय. दाताने ओढणं बंद झालंय. सकाळी हे उत्तराला ऑफिसला सोडायला म्हणून निघतात तेव्हा कफ मुठीत धरलेले असतात, कफलिंक खिशात. संध्याकाळी येतात तेव्हा दोन्ही वाघ जागच्या जागी. सरळ. कफावर एक सुरकुती नाही.

हे ह्यांच्या हातचं काम नव्हे. बाईचा हात आहे हा.

१९ एप्रिल

दुकानात जाऊन आले. काउंटरवर नवी मुलगी आहे, रीना. पंचविशीची. म्हणाली, "काकू, सरांचे वाघ लय भारी आहेत." आणि हे खाली बघून बिल लिहीत होते.

ओकारी आली. रिक्षात तोंडाला पदर लावून बसले.

२० एप्रिल

आठवड्यावर पाहुणे. आत्ता तोंड उघडलं तर पोरीचं मोडेल. गिळते. जेवण मात्र गिळवत नाही.

२५ एप्रिल

हे डबा विसरले. मी धावत खाली गेले. गाडी पुढच्या वळणावर, लिंबाखाली उभी होती. जवळ गेले. ह्यांचा हात उत्तराच्या मांडीवर, आणि ती दांडी कफातून ओवत होती. मनगट उघडं होतं. पांढरं. अंगठ्याच्या मुळापासून वर चार बोटं.

मला पाहून ह्यांनी हात ओढून घेतला आणि समोर बघत राहिले. उत्तरा खाली उतरली. ओरडली असती तर बरं झालं असतं. डबा घेतला आणि हळूच म्हणाली, "खाप्याहून येताना तू गाडीत बोलली ना आई, तेव्हा रुपयाएवढा डाग होता फक्त. घरी पोहोचल्यावर तुले दाखवणार होते बाबा."

गाडी गेली. वर आले आणि नळाखाली हात धुतले. साबण लावून. कशाला? मी तर कोणाला शिवलेसुद्धा नव्हते!

वरची पानं पुन्हा वाचली. रीना, वाघ, चादर. स्वतःची किळस आली असं लिहिलं की सुटल्यासारखं वाटेल, म्हणून ते लिहीत नाही.

२६ एप्रिल

दिवसभर फराळाचं केलं. हे समोरून गेले, आले. दोघंही शेव-चिवड्याचंच बोललो.

२७ एप्रिल

कन्हानची मंडळी आली. मुलाच्या आईने रीतीप्रमाणे विचारलं, घरात काही दुखणं-बिखणं? यमुताई छे छे म्हणाल्या. मी मध्येच म्हटलं, आहे, ह्यांना कोड आहे. त्या बाई म्हणाल्या, "असू द्या हो. आमच्या दिरालेही आहे," आणि उत्तराला सुट्ट्या किती मिळतात ते विचारू लागल्या. जमलं.

सगळे गेल्यावर ह्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, उकडत असेल, द्या, मी काढते ते कफलिंक. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "लोकाईसमोर सांगितलं, चालते मले. तुह्यासमोर नाही काढत."