बिनआवाजाची पेटी

चामराजपुरम, म्हैसूर
दि. १७ नोव्हेंबर २०२४

चि. भुजंगास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझी तब्येत कशी आहे? रुक्मिणीचा गुडघा कुरकुरायचा थांबला का? तिला म्हणावं, तिळाचं तेल कोमट करून लाव आणि माळ्यावर चढू नकोस. तुझ्या गगनचा खोकला गेला? काळी गाय व्यायली म्हणे. गोऱ्हा की कालवड? आणि तुझी झोप? लहानपणी कौलांवरून मांजर गेलं तरी उठून बसायचास, आता तरी डोळ्याला डोळा लागतो का? मोतीबिंदूवाल्याला वाचता यावं म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

मी ठीक. दात थोडेच उरलेत, पण बडबडीला पुरतात.

बातमी अशी की आमच्या हॉलमध्ये घरचं थिएटर झालंय. टीव्ही जुनाच. चित्र अजून लख्ख, पण त्याच्या पोटातली अक्कल म्हातारी झाली होती. एक नाटक लावायचं तर तोवर चहा उकळून गार व्हायचा. मी म्हटलं, नवा आणू. तर तुझी अन्विता म्हणाली, "दात दुखतो म्हणून डोकं बदलतात का, आत्या? टीव्हीशेजारी एक छोटा कॉम्प्युटर ठेवू. मी जुळवते."

लेकीचं नाव आलं म्हणून पत्राची घडी घालू नकोस. बँकेची नोकरी सोडून माझ्या पुढच्या खोलीत तिने कॉम्प्युटरचं दुकान मांडलं, तेव्हापासून दोन वर्षं तू तिच्याशी बोलत नाहीस. नको बोलूस. मी बोलते, तू ऐक.

सुटे भाग आणायला मीही गेले. दुकानदाराने पडद्यावरचं चित्र झपाझप काढणारं, तीन पंख्यांचं एक कार्ड दाखवलं. काय सांगू, दसऱ्याची रोषणाईच ती! मी भाळलेच. अन्विता म्हणाली, "अय्यो आत्या, गिरणीतून दळण आणायला अंबारीचा हत्ती कशाला? सिनेमा दाखवण्यापुरती ताकद प्रोसेसरमध्येच आहे." दुकानदाराचा चेहरा पडला, आणि ती पुढच्या कपाटाकडे गेलीसुद्धा.

तुला माझी सवय ठाऊक आहे. गल्लीचे मिक्सर आणि रेडिओ खोलून खोलून मी जे शिकले त्यात एक नियम पक्का: हातात जड लागेल ती वस्तू प्रामाणिक. मी प्रत्येक डबा उचलून बघत होते. "आत्या वांगी निवडते आहे," म्हणून अन्विता हसली. मग तिने प्रोसेसर थंड ठेवायचा तुकडा काढला. त्याला पंखाच नाही, नुसत्या पातळ पत्र्यांची चळत, इडलीच्या ताटल्या रचाव्यात तशी. माझ्या हातात दिला. चांगला जड! म्हणाली, "हा मात्र तुझ्या नियमाने घेऊ." बाई, केवढी फुगले मी.

भुजंगा, काय घ्यावं ते दुकानदारही सांगतो. काय नको ते कळायला अक्कल लागते, आणि ती या पोरीपाशी पोतंभर आहे. हे सगळं बसवायची पेटी तिने वापरलेली घेतली, एका अंगाला ओरखडे आहेत. ते अंग भिंतीकडे. मेमरी लागेल तेवढीच. पण वीज पुरवणाऱ्या भागाला कंजुषी नाही. "पाया कच्चा नको," म्हणाली. त्याचा पंखा काम हलकं असलं की फिरतच नाही. घरघरणारी डिस्क नको म्हणून आवाज न करणारी घेतली. न घेतलेल्या वस्तूंच्या वाचलेल्या पैशात दोन वस्तू उत्तम आल्या.

जोडून झाल्यावर भर दुपारी तिने घरातले पंखे बंद केले, फ्रिज बंद केला, खिडक्या लावल्या. मी घामाने निथळतेय आणि ही कान लावून बसलीय. मला काही ऐकू येईना. तिला येत होतं. पेटीचा पत्रा थरथरतोय म्हणे. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून पत्र्याखाली बसवल्या, स्क्रूंच्या खाली चकत्या घातल्या. मग हॉलमधल्या खाटेवर आडवी झाली. उशी इकडे, उशी तिकडे. पुन्हा उठून एक पट्टी बदलली.

मी वैतागले. "साकु गं, पुरे आता! मी अर्धी बहिरी. कुणासाठी चाललंय हे?"

छताकडे बघत म्हणाली, "अप्पांना एवढासुद्धा चालणार नाही, आत्या."

तुझं ऑपरेशन पुढच्या महिन्यात इथे म्हैसुरात आहे, हे तुझ्या लेकाने, गगनने, तिला सांगितलं होतं. डोळ्यावर पट्टी असेल तेव्हा तू पडल्या पडल्या नाटकं ऐकशील, असा तिचा हिशेब. तू लॉजवर उतरणार आहेस, हे गगनने फक्त मला सांगितलं. मी तिला सांगितलेलं नाही. जीभ रेटली नाही.

आणखी एक गोष्ट दोन वर्षं जिभेवर अडकलीय. नोकरी सुटली त्या दिवशी तू माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून ओरडलास, "पोरीला फितवलं कुणी?" मी कप विसळत राहिले. राजीनामा तिने दोनदा लिहून पुसला होता. तिसऱ्यांदा मी सांगितला आणि तिने टाइप केला. तिच्या हातातलं कसब मला दिसत होतं, आणि मला कुणी कधी असं दुकान मांडू दिलं नव्हतं. मी फितवलं, भुजंगा. रागवायचं तर माझ्यावर रागव. पण ते इथे येऊन, समोर बसून. माझ्यावर रुसून लॉजवर गेलास तरी शिक्षा तिलाच होते.

पेटी ठेवायची फळी तिने अजून भिंतीला ठोकलेली नाही. तुझी उशी दाराकडे असेल की खिडकीकडे, ते कळल्याशिवाय ठोकणार नाही म्हणते. तेवढंच लिही. कार्डावर एक शब्द पुरे, बाकी राग वेगळ्या पाकिटातून पाठव. पण लवकर पाठव. पोर हातोडी घेऊन थांबली आहे.

तुझी, इतके दिवस गप्प राहिलेली,
अक्का