मधमाश्या पाळणारा खलाशी

३ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला पंधरा दिवस उशीर झाला. कान पुढे केला आहे, पिळून घे. लहानपणापासून वाचलेल्या आवडत्या पुस्तकांवर बोलायला मला वाचनालयाने बोलावलंय. यादी करायला बसलो, तर शाळेतल्या कविताच ओठांवर आल्या, चालीसकट आणि मास्तरांच्या छडीच्या ठेक्यासकट. तीन दिवस त्यातच गेले.

यादीत पहिलं अर्थात आपलं निळ्या कापडी बांधणीचं पुस्तक. वादळात सापडलेला खलाशी समुद्र सोडून मधमाश्या पाळतो. म्हातारा होऊन घरी येतो, तेव्हा आई त्याला ओळखत नाही, पण म्हणते, दमलेला दिसतोस, बस. नाव मात्र आठवेना. ग्रंथपालबाईंनी कपाटं पालथी घातली आणि म्हणाल्या, काका, असं पुस्तकच नाही.

हे ऐकून चिरंजीव गंभीर झाले. त्यांच्या मते माझ्या डोक्यात सगळं कालवलं गेलंय. महिनाअखेरीस डॉक्टर, आणि पुढे मला इथे एकटं ठेवायचं नाही, असा बेत आहे. मीही गोंधळलोय. काल कपाळावरचा चष्मा घरभर शोधला. तू ते पुस्तक वाचलं होतंस ना? बरं वाटावं म्हणून सांगू नकोस, खरं सांग.

तुझ्या रागावर हक्क सांगणारा,
धाकटा

९ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

चष्मा तर तू दहावीपासून हरवतोयस, त्याला म्हातारपण कशाला?

अरे वेड्या, आप्पा छापखान्यात पुस्तकं बांधायचे. छपाईत बिघडलेले कागद टाकून द्यायचे असत, ते घरी आणून त्यांनी आपल्यासाठी एका पुठ्ठ्यात शिवले. पुस्तक माझ्या कपाटात आहे, आत्ताच काढून पाहिलं. अर्धी समुद्रावरची कादंबरी आणि अर्धी मधमाशीपालनाची माहिती! खलाशी बत्तिसाव्या पानावर वादळात अडकतो, आणि पान उलटलं की, मधमाश्यांची पेटी सावलीत ठेवावी. तूच त्याला मधमाश्या पाळायला लावलंस. राणीमाशी मेली तेव्हा जेवला नव्हतास.

पण म्हाताऱ्या आईचं काही त्यात नाही. शेवटच्या पानावर माश्यांच्या रोगावरचं औषध आहे.

गुडघे सांभाळ, आणि माझ्यावरची माया जपून वापर, पुरवायची आहे.
ताई

१४ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र चिरंजीवांना वाचून दाखवलं. हसले, पण लगेच म्हणाले, मग शेवट कुठून आला, बाबा? वाटतं, तेच बरोबर असतील.

आणि तरी ताई, तो शेवट मला दिसतो. मला अक्षरं येत नव्हती तेव्हाची गोष्ट. रविवारची दुपार, मी आप्पांच्या मांडीवर, त्यांचं बोट ओळीवरून सरकतंय आणि ते वाचताहेत. पुढे आयुष्यभर जे पुस्तक उघडलं, त्याच्या शेवटी ती आई भेटेल असं उगाच वाटत राहिलं. एखादं पान गळलंय का, पुन्हा बघशील? नसेल तर तसंही कळव. मी डॉक्टरांकडे जाईन.

तुझ्या उत्तरावर डोळे लावून बसलेला,
धाकटा

१९ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पान गळलेलं नाही. आप्पांना दिलेला शब्द मात्र आज मोडतेय.

आप्पांना वाचता येत नव्हतं. छापखान्यात ते कागदावरच्या खुणा बघून पानं लावायचे. त्या टाकाऊ कागदांवरच्या खुणा कापल्या गेल्या होत्या, म्हणून ते दोन वेगळ्या पुस्तकांचे आहेत हे त्यांना कळलंच नाही. आकार सारखा म्हणून शिवले. मला अक्षरं आल्यावर मी ओळखलं आणि हसले. ते नुसतं म्हणाले, धाकट्याला सांगू नकोस, त्याला शाळेत घालायचंय.

तुझी आठवण खरी आहे. आधीची पानं मी वाचून दाखवायचे, शेवटचं पान मात्र आप्पांचं; तेव्हा मी शेजारी भाजी निवडत होते. त्यांचं बोट माश्यांच्या औषधावरून सरकत होतं आणि तोंडाने ते त्या आईला दारात उभी करत होते. तू रोज तेच पान मागायचास आणि एक शब्द इकडेतिकडे झाला की ओरडायचास. म्हणून सकाळी कामावर जाताना ते तो शेवट रस्ताभर पुटपुटत जायचे. लोकांना वाटायचं, माणूस देवाचं नाव घेतोय.

ताई