तीन तज्ज्ञांचं एकमत

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी दोन्ही पत्रं पोचली. मी बरा आहे, वेळेवर जेवतो, झोपही लागते. भाऊजींना नमस्कार सांग. छोटीने काढलेलं माझं चित्र मिळालं, त्यात माझ्या हाताला सहा बोटं आहेत तीही मिळाली.

तू जे विचारलंयस त्यावर येतो. आधी इकडचं सांगतो.

मी कॉम्प्युटरच्या कॉलेजात असतो म्हणजे कॉम्प्युटर शिकतो, असं तू शेजारच्या काकूंना सांगितलंयस म्हणे. नको सांगूस. मी इथे झाडतो, पुसतो, कचऱ्याचे डबे रिकामे करतो. सहावी नापासाला आणखी काय देणार? पण इथली शिकलेली पोरं बघितल्यापासून शाळा सुटल्याचं वाईट वाटणं माझं बंद झालंय.

सगळे पीएचडी करतात. ‘कसा आहेस’ असं कुणी कुणाला विचारत नाही. ‘लिहून झालं का’ विचारतात, आणि समोरचा तोंड पाडून निघून जातो. लिहिलेलं कुठेतरी पाठवतात, मग तीन अनोळखी माणसं त्यातल्या चुका काढून पाठवतात. त्यातला दुसरा कायम खवट. त्याचं उत्तर आलं की एक मुलगी जिन्यात बसून रडते, म्हणून तेवढा जिना मी शेवटी झाडतो. एका खोलीतल्या फळ्यावर चार वर्षांपासून काहीतरी आकडेमोड आहे आणि खाली ‘पुसू नये’. लिहिणारा कधीच सोडून गेला. बाकीच्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण पुसायची हिंमत एकातही नाही. मीही कडेकडेनेच फडकं फिरवतो.

त्यांच्यातल्या एकाला सगळे आजोबा म्हणतात. वय तेहतीस, पीएचडीचं सातवं वर्ष. माणूस भला. चेहरा बघून माणसाच्या मनातलं ओळखायला तो मशीनला शिकवतोय. त्यासाठी आधी माणसाने हजारो फोटो बघून बटण दाबायचं असतं. एक म्हणजे आनंदी, दोन म्हणजे दुःखी, तीन रागावलेला, चार काहीच नाही. प्रत्येक फोटो तीन वेगळ्या माणसांनी बघायचा, हा नियम. दोघं कंटाळून पळाले. उरलो मी.

आजोबा म्हणाला, “तूच तीनदा बघ. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. माणूस दिवसभरात तीनदा बदलतोच.”

त्याच्या प्रबंधात ‘तीन प्रशिक्षित तज्ज्ञ’ असं छापलंय. ताई, ते तिन्ही तज्ज्ञ मीच.

मशीन तयार झालं तर ते हसऱ्या माणसालाही दुःखी म्हणायला लागलं. मला वाटलं आता आजोबाचं काही खरं नाही. पण त्याचे सर खूश. म्हणाले, “याला हसण्यामागचं दुःख दिसतंय. आणि तज्ज्ञांचं इतकं एकमत मी आजवर पाहिलेलं नाही.” दुसऱ्या दिवशी आजोबा दाढी करून आला. सगळे बघत राहिले.

एकमत असणारच. अकरा दिवस मी फोटो न बघता दोनचंच बटण दाबत होतो. ते अकरा दिवस कुठले, ते तू ओळखलं असशील.

आई गेल्याचा तुझा फोन आला तेव्हा रजा मिळत नाही असं मी म्हणालो. रजा मिळाली होती. आजोबाने स्वतः सरांची सही आणली होती. मी पिशवी घेऊन कॉलेजच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. आईला तसं बघायचं नव्हतं मला. कुठे जाणार, खुर्चीत जाऊन बसलो. पहिले शंभरेक चेहरे खरंच दुःखी दिसले. मग बघणंच सोडलं. परत का आलास असं आजोबानेही विचारलं नाही. काम चाललेलं दिसलं की या लोकांना पुरतं.

हे पोटात राहीना. त्याच्या तोंडी परीक्षेच्या तीन दिवस आधी मी त्याला सगळं सांगून टाकलं. त्याने चष्मा काढून पुसला.

“आणखी कुणाला बोललास?”

“नाही.”

“सोमवारी परीक्षा आहे माझी.”

“म्हणून तर सांगतोय.”

“अरे बाबा, म्हणूनच सांगायचं नसतं.”

“मी सगळे फोटो परत बघतो. नीट बघतो.”

“म्हणजे आठवं वर्ष,” तो म्हणाला. “पहिले शंभर तरी तुला तसे दिसले होते ना?”

“ते दिसले होते.”

“मग झालं तर.”

प्रबंधाच्या शेवटी ‘मर्यादा’ नावाचं एक पान असतं. तिथे त्याने एक वाक्य वाढवलं आणि मला वाचून दाखवलं: एका तज्ज्ञाच्या वैयक्तिक परिस्थितीचा निरीक्षणांवर किंचित परिणाम संभवतो. आपली आई त्या ‘किंचित’मध्ये आहे, ताई. परीक्षेत ते पान कुणी उलटलंही नाही. आजोबा डॉक्टर झाला आणि दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत येऊन बसला, कारण जायला दुसरी जागा नाही. मला बघितलं की आता तो फोनमध्ये डोकं घालतो.

तुझ्या दुसऱ्या पत्रातला फोटो, आई छोटीला मांडीवर घेऊन हसतेय तो, मी खिशात घेऊन फिरतो. काल खोली झाडताना मशीन चालूच होतं. फोटो कॅमेऱ्यासमोर धरला. दुःखी, सत्त्याण्णव टक्के. काच पुसली, फोटो सरळ धरला. दुःखी. सकाळी धरला, दुपारी धरला, संध्याकाळी धरला. त्याला शिकवलं मीच, आता त्याच्याशी काय भांडू?

तू का आला नाहीस, असं तू दोन्ही पत्रांत विचारलंस. वर लिहिलंय तेवढंच उत्तर माझ्याकडे आहे. रागव हवं तर, पण एक कळव. फोटो तू काढलास, तू समोर होतीस. ती हसत होती ना? मला आता बघून सांगता येत नाही.

फाटकापर्यंतच आलेला,
तुझा धाकटा