वर्तणूक उत्तम

मास्तर, तुमच्या एका विडीची खरी किंमत आज मांडून बघतो. शाळेच्या पडवीपासून शेजारच्या म्हातारीच्या चुलीपर्यंतची पन्नास-साठ पावलं, राखेखालचा एक निखारा, आणि वाटेत विडी विझू नये म्हणून मी मारलेले दोन झुरके. त्यावर एक थोबाडीत. त्यावर माझी सातवी. विडी तुमची होती, बाकीचं सगळं माझं गेलं.

आताच्या पोरांना हे सांगितलं तर ती हसतात. पार्से गावात तेव्हा काडी जपून ओढत. मोठ्या माणसाने विडी हातात द्यायची, "जा, पेटवून आण" म्हणायचं, आणि पोराने चुलीपाशी ओणवं होऊन ती निखाऱ्याला लावायची. निखाऱ्यावर विडी नुसती धरून पेटत नाही, ओढावी लागते. हे घरोघरी सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. मी वर्गात वाचायला पहिला, म्हणून विडी पेटवायचा मानही मलाच. त्या दिवशी साहेब तपासणीला यायचे होते अकराला, ते आले दहाला. मी मागच्या दाराने आलो तेव्हा तुम्ही माझ्या हातातली विडी घेतली, पायाखाली चिरडली, आणि मला पुढे ढकललंत. साहेबांपुढे वाचायला मीच लागतो ना. मी धडा वाचतोय आणि साहेब वाकून माझ्या तोंडाचा वास घेतायत. "हा मुलगा विड्या ओढतो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मास्तरांची पेटवूक गेल्लंय." तुमचा हात माझ्या डाव्या कानावर पडला. "बघितलंत साहेब, खोटंही बोलतो," तुम्ही म्हणालात. तेवढ्या घाईतही तुमचा आवाज किती शांत होता.

बाबा मुळगावच्या खाणीवर होते, पंधरवड्याने घरी येत. आले तेव्हा भुवयांपर्यंत लाल माती. तुम्ही त्यांना शाळेत बोलावून घेतलंत, मी बाजूला उभा. मी परत तेच सांगितलं. बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मास्तर खोटा कित्याक बोलतले?" एवढंच म्हणाले. सोमवारी मी खाणीच्या कँटीनमध्ये ग्लास विसळत होतो. शाळा सोडल्याचा दाखला तुम्ही सुवाच्य अक्षरात लिहून दिलात. वर्तणूक: वाईट. कान तीन दिवस वाजत राहिला, पण मास्तर, त्या कानाने मला पुढे जेवढं दिलं तेवढं सातवी पास होऊन मिळालं नसतं. ग्लास विसळणाऱ्याची गिऱ्हाइकाकडे पाठ असते, त्यामुळे तो नुसतं ऐकतो. कोणता ट्रकवाला कुठे गाडा विकतोय, धारगळला हायवेवर कुठली जागा मोकळी होणार, हे मी पाठमोरा ऐकलं. बारा वर्षांनी त्या जागेवर माझा गाडा उभा राहिला. चहा, भाजीपाव, आणि डोक्यावर सिगारेटींची फळी. पुढे समोरच बारावीपर्यंतची शाळा आली, ती मात्र माझं नशीब.

पोरं गाड्यामागे पेरूखाली उभी राहत आणि मी कढईपुढे उभा राहून सगळं ऐकत असे. सुरुवातीला चौघांत एक सिगारेट, आणि ती पेटवायला तीन काड्या. नवशिक्याची काडी पहिल्या ओढीला कधी पेटत नाही. काही वर्षांनी दोघांत एक, मग ज्याची त्याची. ओढून झाली की पेरूचं पान चावायचं, घरी वास जाऊ नये म्हणून. हात पोचेल तिथपर्यंत त्या झाडाला पान राहत नसे. गिऱ्हाईक बघायला मला डोळे लागत नव्हते. "काकानू, एक लूज दी रे," हे वाक्य मुलगा कोणत्या आवाजात म्हणतो त्यावरून त्याची कितवी सिगारेट ते मी सांगत असे. आवाज खाली असला तर पहिली. चढा असला तर पाचवी-सहावी. आणि अगदी साधा झाला की तो मुलगा जन्माचा माझा.

तुम्ही आलात ते दुपारी, छत्री टेकत. दोन वाक्यांमागे एक खोकला.

"ओळखलंस का रे?"

"मास्तरांनू, तुमका वळखूचंय नाय?" मी स्टूल पुढे ओढलं, स्वतःच्या पंच्याने पुसलं. "बसा. विडी पेटवून देऊ?"

गाड्यावरच्या चार माणसांना यात काहीच खटकलं नाही. तुम्हाला खटकलं. तुम्ही छातीवर हात ठेवलात. "सोडली रे. डॉक्टरांनी सोडवली." मग खाली बघून बोललात. नातू समोरच्या शाळेत अकरावीला होता. त्याला बाप नव्हता, तुम्हीच सांभाळत होतात. "त्याच्या कपड्यांना वास येतो. मला जे झालं ते त्याला नको. तू देत असशील तर नको देऊस. तुझ्या पाया पडतो." आणि खरोखर वाकायला लागलात. मी तुम्हाला वाकू दिलं. निम्मे वाकल्यावर धरलं.

"मास्तर," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "युनिफॉर्ममधल्या पोराला माझ्या गाड्यावर सिगारेट मिळत नाही. आजवर एकाला मिळालेली नाही, पुढेही मिळायची नाही. आईची शपथ."

तेव्हाच मागे पेरूखाली कोणीतरी खोकला गिळला. मी ऐकला. तुमचा स्वतःचा खोकला मोठा होता, तुम्हाला नाही ऐकू आला.

तुमच्या डोळ्यांत पाणी. "मी तुझ्याबद्दल चुकीचं लिहिलं होतं," म्हणालात. मी थांबलो, मास्तर. तव्यावरचा पाव करपला तरी थांबलो. विडी कोणाची होती, एवढंच तुमच्या तोंडून ऐकायचं होतं मला. ते चौघेही होते ऐकायला. तेवढं बोलला असतात तर पुढचं कदाचित वेगळं झालं असतं. तुम्ही छत्री उचललीत. आठ दिवसांनी परत आलात तो कागद घेऊन: 'हा माझा विद्यार्थी. वर्तणूक उत्तम.' खाली सही, तारीख, तेच सुवाच्य अक्षर. मी तो चौकटीत घालून फळीवर लावला, सिगारेटींच्या बरोबर वर. तुम्ही गावभर सांगत फिरलात, विद्यार्थी असावा तर असा. शाळेने मला बोलावून, नारळ देऊन सत्कार केला. त्याच वर्षी चतुर्थीच्या आधी तुम्ही गेलात, नातवाबद्दल आता निर्धास्त आहे असं म्हणत गेलात, असं मला मागाहून कळलं.

गाड्याचं दुकान झालं, दुकानाची दोन. शाळेजवळ विकायचं नाही असा कायदा आला तेव्हा मी टेप घेऊन अंतर मोजलं आणि दुकान त्याच्या चार पावलं पलीकडे बांधलं. पोरांची तऱ्हा बदलत गेली. काड्यांच्या जागी लायटर आले. मुली आल्या, स्कूटर बंद न करता "अंकल, एक मिंटवाली" म्हणणाऱ्या. मग दाताखाली गोळी फोडायची सिगारेट आली; ती फुटते तेव्हा टक् असा आवाज होतो, मी रस्त्यापलीकडून ओळखतो. तुमचा नातू अजून माझ्याकडेच येतो. टॅक्सी चालवतो, केस पिकलेत. काउंटरला टेकून खोकतो आणि चौकटीकडे बघून म्हणतो, "काकानू, आजोबांचो कागद आसा मरे अजून?" मी डोळे मिटून ऐकलं तर तुम्हीच आलात असं वाटतं, मास्तर. खोकला अगदी तुमचाच. सुरुवातीला तो ऐकून मला बरं वाटायचं. खोटं कशाला लिहू, पुष्कळ वर्षं बरं वाटत होतं.

आता हे पत्र कशाला, तर माझी नात सोळाची आहे आणि गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरात माणकुराद आंब्याचा वास येऊ लागला. मार्गशीर्षात आंबा! तिच्या दप्तरात पेनासारखी एक नळी मिळाली, ओढली की आंब्याच्या वासाची वाफ सोडणारी. काडी नाही, लायटर नाही, टक् नाही. या कानांना काहीच ऐकू आलं नव्हतं. मी विचारलं, कुठून आणलीस? ती हसली. "आजोबा, तुम्ही युनिफॉर्ममध्ये कोणाला देत नाही ना? मग कोणीतरी दुसऱ्यानं दिली असेल." आणि दुकानातल्या चौकटीच्या दिशेने बोट दाखवलं. मी हात उगारला. डाव्या कानाच्या बाजूलाच. मग खाली घेतला. त्या रात्री भिंतीपलीकडून ती खोकली तेव्हा तुमच्या छत्रीची टकटक मला ऐकू आली.

हे टाकायला पेटी नाही, म्हणून घडी करून चौकटीच्या मागे ठेवतो. तुम्ही विडीचं कधी कबूल केलं नाहीत, तेव्हा मीही कशाला करू, असं पन्नासदा वाटलं. पण शपथ खोटी नव्हती, मास्तर. युनिफॉर्ममध्ये खरंच एकालाही दिली नाही. गाड्यामागे पेरूशेजारी एक खिळा होता, त्यावर दोन साधे शर्ट टांगलेले असत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मीच आणले होते. तुमच्या नातवाला चॉकलेटी बसायचा.